खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर किती थांबावे?
साखर व रक्तदाब पूर्ण आटोक्यात येईपर्यंत वृद्धांच्या खुब्याची शस्त्रक्रिया लांबवावी, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक दिवसागणिक न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, शिवाय वेदना असतातच. २०२० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ चाचणीत (१७ देश, २,९७० रुग्ण, त्यांत भारतीयही होते) निदानानंतर सुमारे ६ तासांत आणि सुमारे २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ९० दिवसांतील मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, तरी लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रमिष्टपणा कमी दिसला आणि ते लवकर उभे राहिले. तेव्हा काही तासांचा विलंब क्षम्य आहे. केवळ इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालासाठी तीन-चार दिवस घालवणे मात्र मला अत्यंत चिंताजनक वाटते.