अडीच किलोची रायफल आणि भाच्याची यादी: जाणकारांचा सल्ला हवा आहे

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना नमस्कार. माझा भाचा न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे नोकरीस आहे. त्याच्याकडे तेथील बंदूक परवाना आहे आणि गेल्या काही हंगामांपासून तो दक्षिण बेटावरील डोंगरांत ताहर (रानबकर्‍यासारखा डोंगरी प्राणी) व लाल हरणाच्या शिकारीस जातो. तेथे हे दोन्ही प्राणी बाहेरून आणलेले असल्याने त्यांची शिकार सरकारच करू देते. ताहर तर मूळचा आपल्या हिमालयातला. १९०४ साली तो तिकडे सोडण्यात आला आणि आता तो तेथील गवताळ उतारांची नासाडी करणारा प्राणी मानला जातो. आपल्याकडे तोच प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणात आहे, हे वाचून मला बरीच गंमत वाटली.

मुद्द्याचे असे, की त्याच्या सध्याच्या रायफलचे वजन दुर्बिणीसह चार किलोंच्या वर जाते आणि दोन-दोन दिवस चढण चढताना ते खांद्याला सोसत नाही. म्हणून तेथील परवानाधारक कारागिराकडून अतिहलकी रायफल जुळवून घेण्याचे त्याने ठरवले आहे. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक असल्यामुळे मामाला यातले सगळे कळते, असा त्याचा समज आहे. प्रत्यक्षात मला छर्‍यांच्या पलीकडचे फारसे कळत नाही.

त्याने पाठवलेली यादी अशी आहे: टायटॅनियमची अ‍ॅक्शन (काडतूस नळीत सरकवून बंद करणारी यंत्रणा), कार्बन फायबरचा दस्ता, शक्य तितकी बारीक २० इंची नळी, काडतूस ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, आणि लांब पल्ल्याची ५ ते २५ पट मोठे दाखवणारी दुर्बीण. दुर्बिणीशिवाय रायफल अडीच किलोंच्या आत यावी, असा त्याचा हट्ट आहे. नेम साधारण दोनशे ते तीनशे मीटरवर धरावा लागतो. या यादीत कोठे चुकत आहे, आणि काडतुसे कोणती घ्यावीत, हे कृपया सविस्तर सांगावे.

जुना आर्मरर (बेळगाव कॅम्प)

आपण यादी दिलीत हे उत्तम झाले, कारण रोग यादीतच दिसतो आहे. आपल्या भाच्याने अ‍ॅक्शनमध्ये टायटॅनियम घालून जे दोन-अडीचशे ग्रॅम मोठ्या किमतीत वाचवले, ते सगळे आणि त्यावर आणखी काही, त्या एका दुर्बिणीत परत चढवले आहेत. लांब पल्ल्याच्या मोठ्या दुर्बिणीचे वजन ९०० ग्रॅमच्या पुढे सहज जाते, तर तीनशे मीटरपर्यंतच्या कामाला पुरेशी असलेली, अडीच ते आठ किंवा तीन ते नऊ पटीची लहान दुर्बीण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मिळते. शिवाय जड दुर्बीण हलक्या रायफलच्या माथ्यावर बसली, की रायफल डोईजड होते आणि हातात ठरत नाही. म्हणून दुर्बिणीशिवायचे वजन हा आकडाच विसरावा. दुर्बीण, तिची कडी, पट्टा आणि भरलेली काडतुसे धरून खांद्यावर किती किलो येणार, तो आकडा आधी कागदावर लिहावा. माझ्या मते तीन किलो हा शहाणपणाचा आकडा आहे.

त्यानंतर ठरवायचे ते काडतूस. सुटे भाग त्याच्या मागून येतात. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम हे १९६२ पासूनचे नावाजलेले काडतूस आहे, पण ते लांब असल्यामुळे अ‍ॅक्शन लांब आणि जड घ्यावी लागते, आणि त्यातली भरपूर दारू कामी येण्यासाठी २४ ते २६ इंची नळी लागते. २० इंची नळीत ते काडतूस वापरणे म्हणजे दारूचा बराच भाग नळीच्या तोंडाबाहेर जाळून आवाज आणि धक्का विकत घेणे होय.

धक्क्याचा हिशेब आपण स्वतः करू शकता. गोळीचा आणि दारूच्या वायूंचा मिळून जो संवेग पुढे जातो, तेवढाच रायफलला मागे मिळतो, त्यामुळे काडतूस तेच ठेवून रायफलचे वजन ३.६ किलोंवरून २.५ किलोंवर आणले तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते. माझ्या ढोबळ हिशेबाने, आम्ही वापरलेल्या जुन्या ७.६२ एसएलआर या लष्करी रायफलच्या वजनाच्या शस्त्रात ती पंधरा-सोळा ज्यूल भरते. तिच्या काडतुसाचा नागरी भाऊ असलेले .३०८ विंचेस्टर २.९ किलोंच्या रायफलमधून झाडले तर ती पंचवीस ज्यूलच्या घरात जाते, आणि त्याच वजनात आपल्या भाच्याचे मॅग्नम चाळीसच्या जवळ पोहोचते. एसएलआरने खांदा काळानिळा झालेले कितीतरी रिक्रूट मी येथे पाहिले आहेत. त्यांतले निम्मे पुढे चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागत, आणि ही सवय एकदा लागली की ती मोडायला महिने जातात.

तेव्हा आखूड अ‍ॅक्शनमध्ये बसणारे काडतूस घ्यावे. ६.५ क्रीडमूर (२००७ साली आले) धक्क्याला सर्वांत सौम्य आहे. .३०८ च्याच कवचाचे तोंड आवळून केलेले ७ एमएम-०८ रेमिंग्टन (१९८०) मला स्वतःला या कामासाठी अधिक पसंत आहे, कारण आखूड नळीतही ते फारसे मंदावत नाही. .३०८ ची काडतुसे मात्र तिकडच्या कोणत्याही गावात मिळतात, हा त्याचा मोठा गुण.

आता नळी. वजन वाचवण्याची सर्वांत मोठी जागा नळी आहे आणि बिघडवण्याचीही तीच. बारीक नळी दोन-तीन बारांत तापते, आणि तिच्यातले ताण कारखान्यात नीट काढलेले नसतील तर तापताना ती किंचित वळते व गोळी सरकते. शिकारीत हे तितके आड येत नाही, कारण तेथे थंड नळीतून सुटलेली पहिली गोळीच कामाची असते. परंतु तिच्या तोंडावर आवाज दाबणारे नळकांडे बसवायचे असेल, तर नळीचे तोंड अतिबारीक नसावे. न्यूझीलंडमध्ये असे नळकांडे सर्रास वापरतात आणि त्याने धक्काही चांगला कमी होतो. तोंड बारीक असल्यास आटे पाडल्यावर भिंत फारच पातळ राहते. म्हणून मी २० इंची, हलक्या पण टोकाला पेन्सिल न झालेल्या स्टेनलेस नळीचा सल्ला देईन. तिच्यात शंभर ग्रॅम जास्त गेले तरी चालतील.

दस्त्याबाबत भाच्याचे बरोबर आहे. अक्रोडाचा दस्ता किलोच्या आसपास भरतो आणि कार्बनचा चांगला दस्ता सहा-सातशे ग्रॅमपर्यंत मिळतो. पण खरा फायदा पावसात आहे. कणकुंबीला श्रावणात दारे फुगून चौकटीत अडकतात, तसाच लाकडी दस्ता फुगून नळीला टेकतो, आणि मग डोंगरावर नेम कोठे लागेल याचा भरवसा उरत नाही. दक्षिण बेटाच्या पश्चिम अंगाला आपल्या घाटासारखाच पाऊस आहे. अ‍ॅक्शन दस्त्यात नीट बसवून घेण्यावर आणि तिचे दोन स्क्रू ठरावीक ताणाने आवळण्यावर मात्र कारागिराकडून पैसे वाचवू नयेत. टायटॅनियमवर जाणारे पैसे मी या कामात आणि काडतुसांत घातले असते.

शेवटी चाप. रायफल अडीच किलोची आणि चापाची ओढ दोन किलोची असेल, तर बोट रायफललाच हलवील. ओढ एक ते सव्वा किलोपर्यंत आणून घ्यावी. डोंगरात गारठलेल्या बोटांसाठी याहून हलकी ओढ धोक्याची ठरते.

५० मीटर (निपाणी)

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी शिकारी नाही. गेली काही वर्षे कोल्हापूरच्या बाजूला जाऊन .२२ च्या रायफलने कागदावर नेमबाजी करतो, त्यामुळे वजनाच्या बाबतीत आम्ही अगदी उलट्या टोकाचे. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर प्रकारात रायफल आठ किलोंपर्यंत चालते आणि नेमबाज शक्य तेवढे वजन आनंदाने घेतात, कारण जड रायफल नाडीचे ठोकेसुद्धा पचवते. हलकी रायफल ते ठोके दुर्बिणीतून दाखवते. म्हणून भाच्याने उभ्याने नेम धरण्याचा विचारच सोडावा. पाठीवरची पिशवी खडकावर ठेवून, तिच्यावर रायफलचा पुढचा भाग टेकवून झाडण्याचा सराव करावा, आणि डाव्या हाताने पुढचा भाग खाली दाबून धरावा, कारण हलकी रायफल धक्क्याने उसळते.

काडतुसांच्या निवडीबाबत आमच्या खेळातली एक पद्धत त्याला उपयोगी पडेल. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसेसुद्धा बॅच बदलली की वेगळी वागतात. आम्ही वेगवेगळ्या बॅचची काडतुसे एकाच नळीतून झाडून पाहतो आणि जी जुळेल तिचा वर्षभराचा साठा घेतो. त्याने तीन वेगवेगळ्या गोळ्यांची एकेक पेटी घ्यावी. एका दमात पाच-पाच बार काढून गट, म्हणजे भोके किती जवळ पडली ते, मोजू नये. त्याऐवजी चार-पाच वेगळ्या सकाळी, थंड नळीतून, त्याच कागदावर एकेक गोळी झाडावी. त्या पाच भोकांचा जो गट दिसेल, तोच त्याच्या रायफलचा खरा गट. त्यातून एक प्रकार ठरला की त्याच बॅचच्या दहा पेट्या घेऊन ठेवाव्यात.

गोळी निवडताना तांब्याची अखंड गोळी आणि शिशाची गोळी यांतला भेद समजून घ्यावा. अखंड तांब्याची गोळी फुटून विखुरत नाही, मांसात शिशाचे कण जात नाहीत, हा तिचा मोठा गुण. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर गिधाडांच्या जातीतल्या कॉंडोर पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते म्हणून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. पण तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीच्या आतल्या खाचांना अधिक घट्ट पीळ लागतो. शिवाय ती नीट उमलण्यासाठी (लागल्यावर तिचे टोक पसरण्यासाठी) लक्ष्यावर पोहोचताना वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास तरी असावा लागतो. आखूड नळी आणि सौम्य काडतूस घेतले, की ही मर्यादा तीनशे मीटरच्या थोडी पुढे येते. तो खरोखरच तीनशेच्या आत थांबणार असेल तर तांब्याची गोळी घ्यावी. मोह आवरत नसेल, तर शिसे व आवरण एकमेकांना जोडून बनवलेली गोळी घ्यावी. ती कमी वेगातही उमलते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आपणा दोघांचा फार आभारी आहे. मी ही दोन्ही उत्तरे भाच्याला वाचून दाखवली. मॅग्नमचा नाद सोडायला त्याने एका रात्रीचा वेळ मागितला, पण दुर्बिणीचा हिशेब त्याला लगेच पटला, कारण त्याने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. आता तो नेहमीची पोलादी आखूड अ‍ॅक्शन, ७ एमएम-०८ आणि २० इंची नळी यांवर आला आहे. एक गोष्ट विचारायची राहिली. एप्रिलमध्ये, हरणांच्या माजाच्या दिवसांत, मी तिकडे जाणार आहे. मी स्वतः काही झाडणार नाही, सोबत हिंडणार एवढेच. परतताना त्याच्या जुन्या रायफलचा दस्ता आणि चार काडतुसे आठवण म्हणून आणावीत का?

वकिलीतला माणूस (चिक्कोडी)

काडतूस मुळीच आणू नये. परवान्यात न बसणारे एक जिवंत काडतूस सामानात सापडले तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतो, आणि विमानतळावर ते हमखास सापडते. कोटाच्या खिशात, पिशवीच्या अस्तरात एखादे राहिले नाही ना, हे निघण्याआधी दोघांनी मिळून तपासावे. रिकामे कवचही नको, कारण ते रिकामे आहे हे समजावण्यात विमान चुकते. दस्ता आणण्यातही अर्थ नाही. तो आपल्या बारा बोअरला बसणार नाही, आणि बसवण्यासाठी बंदुकीत फेरफार करायचा तर तो परवाना असलेल्या कारागिराकडूनच करावा लागतो. आपल्या तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांच्याकडील बंदुकांची चौकशी तशीही बारकाईने होते. फोटो आणा.

जुना आर्मरर (बेळगाव कॅम्प)

पोलादी अ‍ॅक्शन घेतली हे ऐकून बरे वाटले. एकच राहिले होते: दुर्बिणीची कडी बसवताना स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नयेत, ताण मोजणारा पाना वापरावा. हलक्या रायफलचा झटका तीव्र असतो आणि सैल कडी पहिल्या वीस बारांतच सरकते. आपण तिकडे गेलात की पहिल्या दिवशी त्याला शंभर मीटरवर तीन बार काढायला लावावे. विमानाने किंवा गाडीने प्रवास झाल्यावर दुर्बीण तपासल्याशिवाय डोंगर चढू नये.