बंपरची चीर जोडली, पुन्हा उघडली. काय चुकलं?

प्रश्न: गाडीच्या पुढच्या प्लास्टिक बंपरला खालच्या कडेपासून १२ सेंमी चीर आहे. घासून, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद भरला. पंधरा दिवसांत अख्खा पापुद्रा निघाला. वेल्डिंग करावं का?

उत्तर १: आधी बंपरच्या आतल्या बाजूची खूण वाचा. ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक) किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ (त्यात रबर मिसळलेलं) असेल तर साधं इपॉक्सी सुटणारच, या प्लास्टिकला ते धरतच नाही. वेल्डिंगच करा, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडा, आणि त्यात भरायचा प्लास्टिकचा रॉडही त्याच जातीचा घ्या. एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचा रॉड वर बसलेला दिसतो, पण नखाने उचलला जातो.

उत्तर २: साबणाच्या पाण्याने धुवा, मग ग्रीस काढणारं द्रावण, घासणं त्यानंतर, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन आत रगडलं जातं. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. आतून निम्म्या जाडीची व्ही खाच करा. रॉड आणि खाचेच्या कडा एकदमच मऊ व्हायला हव्यात. नुसता रॉड वितळला तर जोड वरवरचा. धूर निघून कड तपकिरी झाली तर ते प्लास्टिक जळलंय, खरवडून टाका. मग स्टीलची जाळी गरम करून आत रुतवा. बाहेरच्या बाजूने खाच करून भरणं शेवटी. आपोआप थंड होऊ द्या.

उत्तर ३: रंगाआधी उघड्या पीपीवर ॲडहेजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर) हवाच. पुटी लवचिक घ्या, पत्र्याची पुटी बंपर वाकताच तडकते. घासायचं मशीन हळू फिरवा. जोरात घासलं की प्लास्टिकचे केसासारखे तंतू उठतात आणि ते रंगाखालूनही दिसतात.