गूळ पावडर ड्रममध्ये बसवायला व्हायब्रेटिंग टेबल घेतलंय, पण जमेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. आधी नुसते गुळाचे रवे (ढेपा) मार्केट यार्डात जायचे, तीन हंगाम झाले पावडर पण करतोय. 60 लिटरचा ड्रम, आत लायनर पिशवी, आणि त्यात 45 किलो बसवायचे असतात. नुसतं ओतलं तर 38-39 किलोलाच ड्रम तोंडापर्यंत येतो, मग दोन पोरं ड्रम तिरका करून जमिनीवर आपटतात, बाजूनं लाकडी हातोड्यानं ठोकतात, तरी 43 च्या वर जात नाही आणि संध्याकाळी पोरांना कंबर धरून बसावं लागतंय ते बघवत नाही. शिवाय मुंबईला पोचेपर्यंत गाडीत हादरून माल चार बोटं खाली बसतो, वजन बरोबर असतं पण झाकण उघडल्यावर गिऱ्हाइकाला वाटतं कमी भरलंय.

म्हणून उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून टेबल करून घेतलं. वर जाड प्लेट, चार कोपऱ्यात रबर, खाली मधोमध एक व्हायब्रेटर मोटर, 2880 आरपीएमची. ड्रम पूर्ण भरून चालू केलं की तो सरकत सरकत कडेला येतो, एक माणूस धरूनच उभा लागतो. दोन मिनिटं चालवलं तर अजून एखादा किलो मावतो, पण वरच्या दोन इंचात सगळे हरभऱ्याएवढे खडे येतात आणि बारीक पावडर खाली जाते. टेबलाखालचा वजनकाटा पण थरथरतोय, आकडा थांबतच नाही. मोटर बदलू का, का अजून जास्त वेळ चालवू? कुणी हे काम केलं असेल तर सांगा की.

प्रतिसाद १
भावा, आमची शिरोलीला फौंड्री आहे, नो-बेकच्या (रेझिन मिसळून, न भाजता घट्ट होणाऱ्या वाळूच्या) साच्यात वाळू बसवायला रोज असलंच टेबल चालतं. एका मोटरनं टेबल गोल गोल हलतं म्हणून तुझा ड्रम चालतोय. दोन सारख्या मोटरी एकाच प्लेटखाली शेजारी शेजारी लाव आणि उलट दिशेनं फिरव, म्हणजे आडवा धक्का एकमेकात मरतो आणि नुसतं वर-खाली राहतं. एक उलटी फिरवायला तिचे दोन फेज अदलाबदल केले की झालं. दोन्ही मोटरींची एक्सेंट्रिक वजनं (शाफ्टच्या टोकाला एका बाजूला बसवलेली, ज्यांच्यामुळं हादरा बसतो ती), दोन्ही टोकांची, सारख्याच कोनात पाहिजेत. धक्का 1 जी च्या (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीच्या) वर गेल्याशिवाय दाणे एकमेकांपासून सुटत नाहीत. 1440 आरपीएमला मधल्या जागेपासून 1 मिमी हाललं तरी 2.3 जी होतात, 2880 ला तेवढ्यालाच पाव मिमी पुरतं. आणि वजन घेताना टेबल बंदच ठेवायचं, चालू टेबलावरचा आकडा धरू नको.

प्रतिसाद २
दादा, आम्ही मिरची पावडर भरतो. पूर्ण भरून मग हलवू नका, भरता भरता हलवा. एक तृतीयांश झालं की पंधरा-वीस सेकंद, परत ओता, परत तेवढंच. पावडरीत हवा अडकलेली असते, थर कमी असला की ती पटकन निघते. जास्त वेळ चालवलं तर बारीक माल फटीतून खाली जाणार आणि खडे वर येणारच, त्यामुळं आधी चाळणी बारीक करा. आणि गूळ ओल ओढतो, त्यात पावडर कोमट असताना लायनर बांधला तर आत घाम धरतो, एवढी दाबून बसवलेली पावडर मग दगड होते. पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. दुसरी मोटर अजून मिळाली नाही, पण चाळणी बदलली, पावडर रात्रभर गार केली आणि तीन टप्प्यात भरून काल वीस ड्रम केले. सगळ्यात 45 किलो बसले आणि वर खडे नाहीत. पोरांनी हातोडा हातात घेतला नाही, ह्याचा लई आनंद झाला. ड्रम सरकू नये म्हणून तात्पुरती प्लेटच्या कडेला पट्टी वेल्ड केलीय. भावा, दोन मोटरी बसवल्यावर खालचे चार रबर तेच चालतील का, का मऊ घ्यावे लागतील?