मदत हवी आहे: घराजवळच रोज एक फोटो, वर्षभर

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पोळ्यापासून रोज एक फोटो काढतोय, पुढच्या पोळ्यापर्यंत काढायचा आहे. पायी जाता येईल तेवढाच परिसर: वावर, धुऱ्यावरचा पळस, नाला, गोठा. साधन म्हणजे साधा मोबाईल.

सध्या अडलंय ते कापसाशी. बोंडं फुटलीत, पण ऊन चढलं की फोटोत कापूस नुसता पांढराफटक येतो, धागा दिसत नाही. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करतो, उजेड खाली ओढतो, तर काळी माती आणि वेचणाऱ्या बायांचे चेहरे (त्यांना विचारूनच काढतो) पार अंधारात जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात सूर्य पाठीशी घ्यावा की बाजूला?

दुसरी काळजी उन्हाळ्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलेल, मोह पडेल, तोवर चिंता नाही. पण मे महिन्यात वावर रिकामं, पारा ४५ अंशांच्या घरात, मोबाईल हातात तापतो. शेवटच्या आठवड्यात तर आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा तो दिवस मला हवाच आहे, अंगणात मुसळ उभं करून टिपणार. बाकीचे दिवस काय टिपायचं? महिनाभर तोच पळस, त्याच जागेवरून, त्याच वेळी काढला तर? मला ते फार आवडेल, कारण पानागणिक झाड बदलतं. ज्यांनी असं केलंय त्यांनी जागा आणि उंची रोज सारखी कशी ठेवली, तेवढं नक्की सांगा.