आई-बाबांसाठी फर्स्ट क्लास, बिझनेस की इकॉनॉमी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई-बाबा दिवाळीनंतर ताईकडे न्यू जर्सीला निघालेत. पुण्याहून टॅक्सीने मुंबई, पुढे दुबईमार्गे. बाबांचे गुडघे दुखतात. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच, आणि दुबईनंतर चौदा तास बसायचं! ताई म्हणते फर्स्ट क्लासच काढू. एमिरेट्सच्या ए३८० या मोठ्या विमानात त्यात चक्क शॉवर असतो. बाबांचं उत्तर: "आंघोळ घरूनच करून निघतो." मला विचाराल तर आडवं झोपता येणं एवढंच कामाचं, आणि ते ए३८० च्या बिझनेसमध्येही मिळतं.

फक्त लांबचा टप्पा बिझनेसने, मुंबई-दुबई इकॉनॉमीने, असं एकाच तिकिटात कुणी केलंय का? की इकॉनॉमीतली पहिली रांग जादा पैसे भरून घेतली तर भागेल? (व्हीलचेअर घेणार आहोत, त्यामुळे इमर्जन्सी दरवाज्याजवळची सीट मिळणार नाही.)