मदत हवी आहे: जिओकॅशिंगसाठी हातातलं जीपीएस घ्यावं का? फोनचा बाण जंगलात नाचतो

मंडळी, नमस्कार.

मी अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला असतो. अकरा वर्षांच्या लेकीला उन्हाळ्यापासून जिओकॅशिंगचा नाद लागलाय आणि तिच्यामागे मलाही. कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून यायचं. थोडक्यात लपंडाव, फक्त राज्य कायम आपल्यावर.

गावात सगळं ठीक चालतं. फॉरेस्ट पार्कात डग्लस फरच्या उंच झाडांची गर्दी सुरू झाली की फोन बिथरतो. ४ मीटर म्हणतो, दोन पावलं टाकली की १९, तेही मागे! ऑफिसातल्या मित्राने त्याचं जुनं, बटणांचं यंत्र दिलं. चालताना बरं वागतं, पण थांबून वळलं की बाण भलतीकडेच.

त्यात आणखी एक फजिती. या खेळाचा पहिला डबा ३ मे २००० ला आमच्या इथेच, बीव्हरक्रीकजवळ ठेवला होता. आता तिथे फलक आहे. त्याचे आकडे उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००. मी फोनमध्ये ४५.१७४६०, -१२२.२४८०० असे टाकले. पोचलो तिथे ना फलक, ना खूण.

गार्मिनच्या ईट्रेक्स ३२एक्स आणि जीपीएसमॅप ६७आय या हातातल्या यंत्रांत मन अडकलंय. डिसेंबरात पुण्याला येतोय, हरिश्चंद्रगड करायचाय, म्हणून एसओएसवालं ६७आय बरं वाटतं. घरी मॅक आहे. काय करू?

प्रतिसाद १

फजितीचं उत्तर सोपं आहे. १७.४६० ही मिनिटं आहेत, अंशाचा दशांश नव्हे. मिनिटांना ६० ने भागा: ४५.२९१००, -१२२.४१३३३. तुम्ही फलकाच्या आग्नेयेला साधारण १८ किलोमीटर गेला होतात. कॅशचे, म्हणजे लपवलेल्या डब्याचे, आकडे नेहमी अंश आणि दशांश मिनिटांत असतात, तेव्हा यंत्रात तोच प्रकार निवडा आणि डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, त्यामुळे शेवटचा आकडा चुकला तर फारसं बिघडत नाही. पहिला चुकला की सहल होते.

प्रतिसाद २

अँड्रॉइड असेल तर सी:जिओ हे जिओकॅशिंगचं ॲप टाका, नकाशे आधी उतरवून घ्या, पैसे वाचवा. आमचं आजवर अडलं नाही. (आमच्याकडे फर नाहीत, हेही खरं.)

प्रतिसाद ३

मित्राच्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसणार. अशा यंत्राला तुमची दिशा तुमच्या चालण्यावरूनच कळते. उभे राहिलात की ते आंधळं. १५-२० पावलं सरळ चाला, मग बाणाकडे बघा. ३२एक्समध्ये होकायंत्र आहे, त्याच्याच भावंडात, २२एक्समध्ये, नाही. खरेदी करताना इथेच गफलत होते. होकायंत्र असलं तरी सेल बदलले की कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा पुन्हा जुळवून घ्या.

झाडीचा त्रास मात्र कुठल्याच यंत्राने पुरता जात नाही. ओल्या पानांतून सिग्नल क्षीण होतो, खोडांवर आपटून लांबच्या वाटेने येतो, आणि यंत्राला वाटतं आपण दुसरीकडे आहोत. उपग्रहांच्या दोन फ्रीक्वेन्सी ऐकणारं यंत्र यात उजवं, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६५एस. शिवाय डबा लपवणाराही त्याच झाडीत उभा राहून आकडे घेत होता, त्याची चूक तुमच्या चुकीत मिसळते. १० मीटर उरले की यंत्र खिशात घाला आणि उचकलेला दगड, मुद्दाम रचलेल्या काटक्या शोधा.

आता महत्त्वाचं. ६७आय भारतात आणू नका. त्यातला "आय" म्हणजे इनरीच, उपग्रहावरून संदेश पाठवणारं. परवानगीशिवाय असं यंत्र इथे बाळगणं बेकायदा आहे. २०२४ च्या अखेरीस गोव्यात विमानतळावर परदेशी पाहुण्यांना याच कारणाने अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. नुसतं ६७ किंवा ३२एक्स फक्त ऐकतं, बोलत नाही.

मॅकवर जीसॅक (कॅशच्या याद्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालत नाही, ते विंडोजचं. पण गरजही नाही. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळाचे प्रीमियम सदस्य असाल तर पॉकेट क्वेरी, म्हणजे निवडक कॅशची यादी, काढा, एका वेळी १००० कॅशपर्यंत. तिची जीपीएक्स फाइल यंत्राच्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकली की वर्णन, सूचना, जुन्या नोंदी सगळं जंगलात हाताशी. सह्याद्रीसाठी ओपनस्ट्रीटमॅपवरचा फुकट नकाशा कार्डावर घाला. पण गडावर वाट गावातल्या माणसालाच विचारा. चार्जिंगचे एए सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये NiMH (निकेल-मेटल हायड्राइड) निवडा, नाहीतर सेलची पट्टी थापा मारते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ६७आय बाद, ३२एक्स मागवलं. ते यायच्या आत काल मित्राचंच यंत्र घेऊन पुन्हा फॉरेस्ट पार्कात गेलो. १० मीटरवर लेकीने ते माझ्या खिशात कोंबलं आणि तीन मिनिटांत पडलेल्या ओंडक्याखालून डबा काढला. वहीत नाव लिहायला पेन मात्र दोघांनीही आणलं नव्हतं. पुन्हा जाणं आलं.