कुरकुर सोडून देवाकडे मागितलं, तेव्हाचे अनुभव लिहा

बायबलमधली गोष्ट आहे: मारा नावाच्या ठिकाणी पाणी कडू निघालं. तीन दिवस पाण्यावाचून चाललेले इस्राएली आपला पुढारी मोशे याच्यावर कुरकुरले, मोशेने मात्र परमेश्वराचा धावा केला (निर्गम १५). तहान दोघांनाही लागली होती. तुमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात? मोठे चमत्कारच हवेत असं नाही, रोजच्या मीठ-मिरचीच्या गरजेचं लिहिलंत तरी चालेल.

एक गृहिणी, अहिल्यानगर
ह्यांचा कारखाना बंद पडला. घरात रोज तोच विषय, मालकाला शिव्या आणि नशिबाला बोल. एका रात्री मी किराण्याची यादी केली, तशी पवित्र शास्त्रात ठेवली आणि एकेक जिन्नस नाव घेऊन मागितला. तांदूळ, गोडंतेल, धाकट्याचे शाळेचे बूट. त्याच आठवड्यात शेजारच्या काकू ब्लाउज शिवायला घेऊन आल्या, पाठोपाठ त्यांच्या जावाही. तेल-तांदूळ आलं. बूट आले नाहीत, जुन्यांनाच चांभाराकडून टाके घातले. पण यादी ठेवल्यापासून जेवताना भांडण झालं नाही, आणि तेही मी उत्तरच मानते.

निवृत्त शिक्षक, दौंड
माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी ती एक. रमाबाईंवर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरांचा प्रभाव होता. अनाथाश्रमाची गरज म्युलर माणसांपुढे न मांडता देवापुढे मांडत. आमच्या घरी आजही उसनं मागायला जाण्याआधी गुडघे टेकतात. मग जातात, त्यात कमीपणा नाही.

एक आई, पुणे
कृपा करून रडण्याला कुरकुर म्हणू नका. माझं बाळ गेलं तेव्हा "कुरकुरू नकोस" असं मला सांगितलं गेलं, ते फार लागलं. बायबलमधली हन्ना, जिला मूल होत नव्हतं, ती शिलोच्या मंदिरात रडत मनातच प्रार्थना करत होती; नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती प्यायलेली वाटली. देवाने तिचं ऐकलंच ना? त्याच्यापाशी बसून रडणं हेही मागणंच आहे.

नोकरदार, वसई
आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. वर्षाचा हिशेब मांडला की छाती दडपते. रानात देव इस्राएलांना जे अन्न द्यायचा तो मान्ना माणशी एक ओमर (एक माप) मिळायचा, उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे. म्हणून मी पुढच्या खेपेपुरतंच मागतो. सोमवारचे पैसे जमलेत, बुधवारचे अजून नाहीत. प्रार्थनेत आठवण ठेवा.